कुसुमताईंची चार स्टुलं

धुक्यानं चाकणचा रस्ता पार गिळला होता. हॉर्न देत देत कंपनीची बस गेटाशी आली. कुसुमताई सगळ्यांच्या आधी उतरल्या आणि रोजच्यासारख्या पायरीशी उभ्या राहिल्या.

लाइनवर बाया वीस, स्टुलं चार. तीही दोन वर्षं साहेबाच्या मागं लागून मिळवलेली. बसमधून उतरताना जी दांडा घट्ट धरी, कमरेवर हात ठेवी, तिच्या टेबलापाशी कुसुमताई स्टूल नेऊन ठेवत. बाकीच्या उभ्यानंच रबरी वायसरच्या कडा कापत. कुणी कुरकुरली की त्या म्हणत, "तुला स्टूल लागायची येळ येऊ नये, असं देवाला सांग गं."

कुसुमताईंनी लातूरकडून येऊन दिघीत बिऱ्हाड केलं त्याला एकवीस वर्षं झाली. त्यातली अकरा ह्या लाइनवर.

रश्मी नावाची संशोधक महिनाभर इथल्या कंबरदुखीचा अभ्यास करत होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं कागद पसरला. कशामुळं काय होतं, त्याचा नकाशा. गोलांत शब्द, मधे बाण. 'स्टूल'मधून निघालेला बाण 'कंबरदुखी'ला भिडला होता.

"स्टुलावर बसणाऱ्यांचीच कंबर जास्त दुखते, ताई. स्टुलं काढा, असं अहवालात लिहावं लागेल बहुतेक."

शेजारी बसलेल्या पद्माचा घास हातातच राहिला. आठवडाभर ती स्टुलाच्या जिवावरच शिफ्ट काढत होती.

"म्याडम, ह्यो बाण उलटा हाय," कुसुमताई म्हणाल्या. "दुखतंय म्हणून स्टूल देते मी."

"तुम्ही देता? कशावरून?"

"बशीतनं मी पैली उतरते, मग बाकीच्या उतरताना बघते की."

"मला कुणी बोललंच नाही!"

"तुमी इचारलं कुठं? दुपारी येता, बसलेल्या बाया मोजता, जाता."

बाया खळखळून हसल्या. रश्मीही हसली. तिनं बाण खोडला, 'सकाळचं दुखणं' असा नवा गोल काढला. तिथून 'स्टूल'कडं बाण नेला आणि त्यावर लिहिलं : कुसुमताईंची नजर.

"पण एवढ्यानं स्टूल निर्दोष ठरत नाही हं. उद्यापासून सकाळीच येते. स्टूल द्यायच्या आधी प्रत्येकीला किती दुखतंय ते विचारते, मग संध्याकाळी पुन्हा."

"आन् तवर?"

"तोवर स्टुलांना कुणी हात लावणार नाही. तसं लिहूनच देते." मग ती थबकली. "तुम्ही पहिल्या उतरता, ताई. तुमच्याकडं कोण बघतं?"

कुसुमताईंनी डब्याचं झाकण लावलं. बेल झाली. त्या उठल्या, टेबलाची कड धरून. पद्मानं ते बघितलं.

"ताई, उद्या मी आधी उतरणार."

"उतर बाई," म्हणत कुसुमताईंनी कटर उचलला आणि पुढचा वायसर हातात घेतला.