कोरा चहा

आमच्या शेजारच्या साराबाई बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्यांच्याकडे मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. मटण जेवल्यावर बराच वेळ दुधाला शिवायचं नाही, म्हणून सणाच्या जेवणानंतर तिथे चहा कोराच मिळतो.

त्यांची भाची नाओमी हिने मटण आणि दूध दोन्ही सोडलं आहे, आणि समाजातल्या दिसेल त्याला ती तेच पटवत असते. परवा तिने मावशीच्याच मसाल्यात, नारळाच्या रसात कोवळा फणस शिजवला. मलाही जेवायला बोलावलं होतं.

"मावशी, या सणाला मंडळींना हेच वाढू या का?"

साराबाईंनी भात पुन्हा घेतला.

वाद घालून कुणाची जीभ वळल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. जीभ आपल्या वेळेने वळते, आणि ते बहुधा तिच्या मालकालाही उशिराच कळतं.

जेवणं झाल्यावर नाओमीने, स्वतः दूध घेत नसली तरी, आम्हा दोघांपुढे दुधाचा चहा ठेवला. साराबाईंनी कप बाजूला सारला.

"कोरा आण गं."

"अगं मावशी, फणस होता तो! त्यावर दूध चालतं."

साराबाई थबकल्या. त्यांनी आपल्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. त्यात एकही हाड नव्हतं.

"असू दे, कोराच आण," त्या म्हणाल्या. "आणि सणाला मंडळींना आधीच सांग. नाहीतर सगळेच कोरा मागतील."