पिसाचा अहवाल

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर गिधाडांची गळालेली पिसं गोळा करायला मी नाशिकहून जात असे. गिधाडांत नर आणि मादी दिसायला सारखीच. पण पिसाच्या मुळाशी थोड्या पेशी उरतात, त्यांतल्या डीएनएवरून प्रयोगशाळेत उलगडा होतो. पक्ष्याला हात लावावा लागत नाही.

घरट्यावर लक्ष ठेवायला पाड्यावरच्याच एक मावशी होत्या. त्यांचा नवरा तीन वर्षांपूर्वी निफाडकडे द्राक्षाच्या कामाला गेला, तो परतलाच नव्हता. तिकडेच दुसरा संसार थाटला असेल, असं सगळे म्हणत. मावशीही तेच म्हणत.

त्या हिवाळ्यात सादड्याच्या झाडावरच्या जोडीतलं एक गिधाड दिसेनासं झालं. दुसरं अंड्यावरून हलेना. एरवी दोघं पाळीपाळीने उबवतात, म्हणजे एकाला खायला जाता येतं. हे उपाशीच बसून राहिलं. दहाव्या दिवशी मावशींच्या डोळ्यांदेखत त्याचं पीस खाली पडलं. ते कागदात गुंडाळून मला देताना त्या म्हणाल्या, "बाईच हाय ती, ताई. नर गेला उडून."

अहवाल यायला बरेच दिवस लागले. तोवर ते गिधाडही एका सकाळी उडून गेलं होतं आणि अंडं तसंच थंड पडलं होतं. मी गेले तेव्हा मावशी नागली पाखडत होत्या. अंड्यावर बसलेला तो नर होता, असं मी सांगितलं. सूप थांबलं.

"मग ती कुठं गेली?"

मी म्हणाले, मेली असणार. दुखण्यावरचं एक औषध टोचलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडं मरतात.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे जो नाय आला तो सोडूनच गेला, असं नाय."

पुढच्या आठवड्यात त्या मला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. नवरा हरवल्याची तक्रार तोवर कुणी दिलीच नव्हती. हवालदाराने अंगावरच्या खुणा विचारल्या, कपडे विचारले. मावशींनी एकेक नीट आठवून सांगितलं. बाहेर आल्यावर पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तीन वर्सं मी त्याला शिव्या दिल्या, ताई."

त्याचा पत्ता अजून लागलेला नाही. कुठे बेवारस प्रेत सापडल्याचं कानावर आलं की मावशींचा फोन येतो. नुसत्या हाडावरून बाई का बाप्या ते कळतं का, एवढंच विचारतात. कळतं, असं मी सांगते. त्यावर त्या फोन ठेवत नाहीत. त्यांच्या अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज मला ऐकू येत राहतो.