पाणी चढून राह्यलं

गुलाबचा धाकटा भाऊ सखाराम दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी दाढी करत होतो. "दादा गेला," एवढंच तो म्हणाला. "मलकापूरले?" मी विचारलं. भाजी घेऊन गुलाब मलकापूरच्या बाजाराला जायचा, म्हणून. सखाराम चौकट धरून खाली बसला... महिना होत आला, तो प्रश्न अजून माझ्या कानातून जात नाही. गुलाब असता तर त्यानं त्यावर साऱ्या देऊळघाट गावाला हसवलं असतं.

आमची शेतं लागून. वांगी-मिरची पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा शिकायला दोन वर्षं पुण्यात राहिला. तिथल्या खाणावळीत पहिल्याच दिवशी मालकानं काही विचारलं, तर हा आमच्या बोलीत म्हणाला, "जेवून राह्यलो," म्हणजे जेवतो आहे. जेवण झालं असं समजून वाढप्यानं ताट उचललं. गुलाब अर्धपोटी उठला, पण गोष्ट घेऊन आला. पुढे तो पारावर बसून पुणेरी बोलू लागला की माणसं पोट धरून हसत. त्यानं तोंड उघडलं म्हणजे गंमतच असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. श्रावणातल्या एका दुपारी आम्ही दोघं बसनं रोहिणखेडला त्याच्या बहिणीकडे निघालो होतो. वाटेत नदीच्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं. ड्रायव्हर पुण्याकडचा, आमच्या भागात नवा. त्यानं खिडकीतून काठावरच्या गुराख्याला पाणी कसं आहे म्हणून विचारलं. "चढून राह्यलं," गुराखी म्हणाला. चढायचं ते चढून थांबलं, असा अर्थ घेऊन ड्रायव्हरनं गाडी पुढे घातली. आम्ही पुढच्या बाकावर होतो म्हणून आम्हाला ऐकू आलं, मागे इंजिनाच्या आवाजात कोणालाच काही कळलं नाही.

गुलाब उठला. "थांबा, पाणी वाढून राह्यलं."

"तेच म्हणतोय तो," ड्रायव्हर म्हणाला. पुढची चाकं फरशीवर उतरली होती.

गुलाबनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुस्तकातल्यासारखं एकेक अक्षर उच्चारत म्हणाला, "पाणी चढते आहे. अजून चढतेच आहे. गाडी मागे घ्या."

ती पुणेरी ऐकताच मागे हशा पिकला. गुलाबचा खेळ सुरू झाला असं वाटलं लोकांना. त्याचा चेहरा त्यांच्याकडे नव्हता, माझ्याकडे होता... पांढराफटक पडला होता. ड्रायव्हरनंही तो पाहिला आणि ब्रेक दाबला. गाडी मागे घेताना मागचं चाक चिखलात नुसतंच फिरू लागलं, तेव्हा कुठे हसू थांबलं. एक बाई लेकराला छातीशी धरून देवाचं नाव घेऊ लागली. आम्ही उतरून ढकललं. गाडी कशीबशी काठावर आली आणि थोड्याच वेळात वरून वाहत आलेलं बाभळीचं खोड फरशीच्या मधोमध आदळलं. फरशी दिसेनाशी झाली.

ड्रायव्हर रस्त्यावरच बसला. "आधीच का नाही सांगितलंत?" तो कसाबसा म्हणाला.

"सांगूनच राह्यलो होतो," गुलाब म्हणाला.

गुलाबच्या बोलण्यावर कोणीच हसलं नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर त्यानं पारावर पुणेरी काढली नाही. लोक आग्रह करत, तो विषय बदलायचा. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाला, "ते हसून राह्यले होते अन् मले पाणी दिसून राह्यलं होतं बे." थट्टा त्यानं सोडली नाही, पण समोरच्याचं म्हणणं पुन्हा विचारून घ्यायची सवय त्याला लागली ती कायमची. बाजारात गिऱ्हाईक वैतागायचं. घरात त्याची बायको, कौसल्यावहिनी, वैतागायच्या, भांडणंही व्हायची त्यावरून.

परवा त्यांना भेटायला गेलो होतो. बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. "निघतो वहिनी," म्हणून मी उठलो.

"म्हणजे निघालेच, का निघून राह्यले?" आतून त्यांचा आवाज आला. "चहा ठेवला व्हता, म्हणून इचारलं."

मग पदर तोंडाशी धरून त्या चुलीपुढे तशाच बसलेल्या मला दारातून दिसल्या.

मी परत बसलो.