बर्फ आत, पाईप फुटला बाहेर

बाबा चाळीस वर्षं अमरावतीत नळाची कामं करतात. नांदगाव पेठेजवळच्या एका शीतगृहात त्यांनी आवारातल्या नळासाठी पाण्याची लाइन टाकली. मटार गोठवायच्या खोलीतून पाईप नेऊ नका, बाहेरून फिरवा, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. मालकाला फेरा नको होता. शेवटी बाबांनी आतून पाईप नेला आणि बजावलं, “टोकाचा नळ पुरता बंद करू नका. टिपटिप चालू राहू द्या.”

महिनाभरात पाईप फुटला. मीच बाबांना स्कूटीवर घेऊन गेले. आवारात संत्री निवडणाऱ्या बाया बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तो तिशीतला मालक माझ्या सत्तरीच्या बापावर ओरडला, “बर्फ आतमधी, अन् पाईप फुटला बाहेर! इथं कुठं बर्फ दिसते तुले? दोन नंबरचा माल लावला तू!”

बाबांना कारण ठाऊक होतं, पण असल्या माणसापुढे त्यांची जीभ रेटत नाही. माझं डोकं भणभणलं. मी शाळेत विज्ञान शिकवते.

“पाण्याचा बर्फ झाला की त्याला जास्त जागा लागते,” मी म्हणाले. “आतला बर्फ वाढतो आणि पुढचं पाणी नळाकडे ढकलतो. नळ बंद असेल तर ते पाणी जाईल कुठे? दाब वाढतो, आणि पाईप जिथे कच्चा तिथे फुटतो. तिथे बर्फ असायलाच पाहिजे असं नाही. म्हणून टिपटिप ठेवायला सांगितलं होतं. नळ कोणी बंद केला?”

एक बाई बसल्या जागेवरून मालकाकडे बोट करून बोलली, “यायनंच सांगतलं जी, पाणी वाया जाऊन राह्यलं म्हणून.”

“तू संत्री निवड!” तो तिच्यावर खेकसला. मग बाबांना म्हणाला, “झालं ते झालं. दुरुस्त कर.”

एवढंच! चुकलो म्हणायची दानत नाही.

“बाबा, चला,” मी म्हणाले. “काहून करता याचं काम?”

बाबा हलले नाहीत. “लाइन बाहेरून फिरवीन,” ते मालकाला म्हणाले. “नाही तर हात लावत नाही.”

त्यानं नाइलाजानं मान हलवली. संध्याकाळपर्यंत बाबा एकटे खपत होते. परतताना मी त्यांच्यावरच चिडले.

“बायायले सकाळपासून प्यायले पाणी नव्हतं वो,” ते मागून म्हणाले. “अन् गाडी हळू चालव.”

मी हळू चालवली नाही.