इंग्रजीशिवाय बोर

माझ्या मुलीच्या घरी, मेहकरात, एक अजब नियम आहे. फळाचं इंग्रजी नाव सांगितल्याशिवाय नातवाला ते फळ मिळत नाही. पेरू कापून समोर ठेवायचा आणि पोराला आधी ‘ग्वावा’ म्हणायला लावायचं. कुत्र्याला शेकहँड शिकवतात तसंच. पाहुणे आले की पुन्हा हाच खेळ, आणि पाहुणेही कौतुकाने माना डोलावतात.

परवा मी शेतातली बोरं घेऊन गेलो. भिंतीवर लावलेल्या फळांच्या इंग्रजी तक्त्यात किवी होतं, ड्रॅगन फ्रूट होतं, बोर नव्हतं. मुलीने मोबाइलवर शोधलं तर दोन नावं निघाली, आणि त्यातलं खरं कोणतं हे तिला ठरवता येईना. लहानपणी हीच पोरगी दगड मारून बोरं पाडायची, तेव्हा तिचं काही अडलं नव्हतं. आता तिचं पोरगं हातात बोर धरून नावाची वाट बघत बसलं.

मी एक बोर तोंडात टाकलं. नातू माझ्याकडे बघतच राहिला.

“आबा, तुमाले याचं इंग्रजी येते?”

“नाई.”

“मंग तुमी काऊन खाऊन राह्यले?”