काड्यांची पंगत

राजूरच्या त्या हॉलवर ‘बहुउद्देशीय सभागृह’ अशी पाटी होती. तिथे लग्नं होत, साखरपुडे होत, बियाण्यांच्या कंपन्यांचे मेळावे होत, डोळे तपासायची शिबिरं होत आणि कुणी गेलं की तेराव्याचं जेवणही होई. व्यवस्थापक पन्नाशीचे गृहस्थ होते. वीस मिनिटांत हॉल कशाचाही करून देतो, हा त्यांचा अभिमान होता.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जालन्यात इंग्रजी शाळेत शिकले, पुढे औरंगाबादला कॉलेज केलं, आणि तिथल्याच एका छोट्या संस्थेत मला नोकरी लागली. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हाताने करून बघायचं विज्ञान शिकवणं, हे संस्थेचं काम. मी ही नोकरी घेतली कारण जाहिरातीत ‘कृतीवर आधारित’ असं लिहिलं होतं. कृती म्हणजे लोक करणार आणि मी बोलायचं नाही, असं मी धरून चालले होते. चार लोकांसमोर उभं राहून बोलणं मला कधी जमलेलं नव्हतं.

तीन महिन्यांनी संस्थेच्या प्रमुख बाईंनी मला पहिली कार्यशाळा सोपवली. दोन दिवस, बेचाळीस शिक्षक. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी बघायला येणार होते.

“साहेबांना शिक्षकांचे हात चालताना दिसले पाहिजेत,” बाई म्हणाल्या. “नुसते ऐकत बसलेले दिसले तर तालुक्यातल्या पुढच्या पाच कार्यशाळा होणार नाहीत. आणि त्या झाल्या नाहीत तर तुझी जागाही राहणार नाही. हे तुला आधीच सांगितलेलं बरं.”

मी बरं म्हणाले.

तयारी मी नीट केली. आलेखाच्या कागदावर हॉलचा नकाशा काढला आणि त्यात सात गोल टेबलं, प्रत्येकाभोवती सहा खुर्च्या दाखवल्या. साहित्य साधं होतं: काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हला लागते ती बारीक रबरी नळी. नळीच्या तुकड्याच्या दोन्ही तोंडांत काड्या खोचल्या की कोपरा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करायचा, चार काड्यांचा चौकोन करायचा, दोन्ही दाबून बघायचे. चौकोन कलंडतो, त्रिकोण हलत नाही. एवढंच. काड्यांचे गुल आधी खरवडून काढावे लागतात, ते मी जालन्याला घरी बसून काढले. आई माझ्यासोबत खरवडत होती. “इंग्रजी शाळेची फी याच्यासाठीच भरली होती,” असं ती एकदाच म्हणाली.

नकाशा घेऊन मी हॉलवर गेले तेव्हा व्यवस्थापकांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

“ताई, गोल टेबलं बुफेला लागतेत. तुमी बुफे करून राह्यल्या का?”

“नाही, कार्यशाळा आहे.”

“मंग जेवण?”

“जेवण दुपारी. ते वेगळं.”

“हॉल कसाबी होतो. तुमी फक्त सांगा, कशाचा करायचा.”

मी नकाशाकडे बोट दाखवलं. त्यांनी मान डोलावली. पहिल्या दिवशी सकाळी नऊला मी पोचले तर हॉल लग्नाचा झाला होता. समोर रांगा, मधून वाट, आणि मंचावर नवरानवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या.

“साहेबांना बसायला नको का?” व्यवस्थापक म्हणाले.

“साहेब उद्या येणार आहेत.”

“मंग आज तुमी बसा.”

मी बसले नाही. त्यांनी तक्रार न करता वीस मिनिटांत गोल टेबलं मांडून दिली.

शिक्षक आले. आमच्या शाळेत गट पाडताना एक ते सात आकडे म्हणायला लावत. मीही तसंच केलं. सगळ्यांनी खणखणीत आवाजात आकडे म्हटले आणि मग जो तो उठून आपल्या गावच्या माणसांशेजारी जाऊन बसला. बायका भिंतीकडच्या दोन टेबलांवर गेल्या. मग एकेक खुर्ची वळायला लागली. पंधरा मिनिटांत सगळ्या खुर्च्यांची तोंडं मंचाकडे झाली. माझी वर्तुळं गेली आणि त्यांच्या चंद्रकोरी राहिल्या.

मी साहित्याच्या पुड्या वाटल्या. प्रत्येक टेबलावर ती पुडी आपोआप सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हातात गेली. पहिल्या टेबलावर निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले एक मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. “साहित्य मी सांभाळतो,” असं म्हणून त्यांनी पुडी मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. बाकीचे त्यांच्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे.

“आता करून बघा,” मी म्हणाले.

“मॅडम, तुमीच करून दाखवा,” मागून कुणीतरी म्हणालं. “आमी लिहून घेतो.”

मी करून दाखवलं. बेचाळीस वह्या उघडल्या. सगळ्यांनी त्रिकोण काढला, चौकोन काढला, खाली रेघ मारली.

“मॅडम, शीर्षक काय टाकू?”

मला शीर्षक सुचलं नाही. त्यांनी ‘प्रयोग क्रमांक एक’ टाकलं.

साहित्याला हात का लावत नाही, असं चहाच्या वेळी मी दोघांना हळूच विचारलं. गुरुजींच्या टेबलावरचे एक तरुण शिक्षक म्हणाले, “गुरुजींच्या आधी आमी कसा हात लावावा? बरं दिसतं का?” गुरुजींना विचारलं तेव्हा त्यांनी आधी कप खाली ठेवला.

“हे बघा पोरी, तीस साल झाले शिकवून राह्यलो. हे सगळे माझ्या हाताखालचे. आन ह्यांच्यासमोर काडी बसली न्हाई तर?”

दोन्ही उत्तरं बरोबर होती. लहानांनी मोठ्यांच्या आधी सुरू करायचं नव्हतं आणि मोठ्यांना पहिलं व्हायचं नव्हतं. साहेब यायला एकच दिवस उरला होता.

दुपारी व्यवस्थापकांनी टेबलं मिटवली आणि समोरासमोर सतरंज्यांच्या पट्ट्या अंथरल्या. आचाऱ्याचे वाढपी दुसऱ्या लग्नाला गेले होते. मी घाबरून व्यवस्थापकांना शोधायला निघाले, पण तेवढ्यात सहा शिक्षक उठले होते. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांनी बाह्या वर केल्या आणि एकाने पत्रावळी, एकाने भात, एकाने पाण्याचा जग असं घेतलं. वरणाची बादली एका पस्तिशीच्या शिक्षिकेने घेतली. ती सकाळभर भिंतीकडच्या टेबलावर गप्प बसून होती. आता ती वाकून, न सांडता, प्रत्येकाला बेताचं वाढत होती.

सगळ्यांच्या पानावर सगळं वाढून होईपर्यंत कुणी घासाला हात लावला नाही. गुरुजींनीही नाही, तरुण शिक्षकांनीही नाही. मग एकाने मोठ्याने म्हटलं, “होऊ द्या मंडळी, सावकाश!” आणि छत्तीस हात एकदम पत्रावळीवर आले. कुणीच पहिलं नव्हतं. प्रत्येकाचं पान स्वतःचं होतं आणि ते कुणी दुसऱ्याच्या मांडीवर ठेवलेलं नव्हतं. मी घास हातात धरून बघत बसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, “मॅडम, मीठ पाहिजे का?”

संध्याकाळी सगळे बसस्टँडकडे निघाले तेव्हा मी त्या शिक्षिकेला गाठलं. उद्या काड्या पंगतीत वाढल्या तर कसं होईल, असं विचारलं. ती थांबली.

“तुमाला पंगत म्हणलं की जेवण आठवतं,” ती म्हणाली. “माझ्या वडलांना मांडवाच्या बाहेरची जागा आठवते. सगळ्यांचं झाल्यावरची. आमी बौद्ध हाव, ताई.”

जालन्याच्या माझ्या शाळेत आम्ही डबे डेस्कवर ठेवून खायचो आणि तेवढ्यावर मी हा प्रश्न सुटलाय असं समजत होते.

“मग नको करायला,” मी म्हणाले.

“मी कुठं नको म्हणले? करा की. पण कुणी कुठं बसायचं ते माणसांवर सोडू नका. चिठ्ठ्या टाका. सकाळी तुमी आकडे म्हणायला लावले, त्याला कुणी जुमानलं का? चिठ्ठी हातात आली की माणूस ऐकतो.” दोन पावलं पुढे जाऊन ती वळली. “आन बादली मी घेणार. सहाजण मीच बघते.”

मी परत हॉलवर गेले.

“उद्या सकाळी पंगतीचा हॉल,” मी व्यवस्थापकांना सांगितलं.

“नाश्ता देऊन राह्यल्या का?”

“नाही. काड्या वाढणार आहोत.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. त्यांनी बहुधा याहून विचित्र तेरावी पाहिली असावीत.

“बराबर,” ते म्हणाले. “पानं किती?”

“छत्तीस.”

दुसऱ्या दिवशी दारातच चिठ्ठ्या काढायला लावल्या. गुरुजींची चिठ्ठी मधल्या जागेची निघाली. त्यांच्या एका बाजूला नुकतीच नोकरीला लागलेली शिक्षिका आली आणि दुसऱ्या बाजूला एक जागा रिकामी राहिली, कारण मी मोजण्यात चुकून सदतीस पत्रावळी मांडल्या होत्या. थोडी कुरकुर झाली. “लग्नात असं नसतं,” एकजण म्हणाले. “हे लग्न न्हाई, सर,” बादलीवाल्या बाई म्हणाल्या आणि वाढायला लागल्या. प्रत्येक पत्रावळीवर सात काड्या, मागून दुसऱ्या वाढप्याकडून नळीचे सात तुकडे.

निम्मी पंगत वाढून झाली असताना दारात जीप थांबली. बारा वाजायला अजून दीड तास होता. साहेबांना दुसरीकडे जायचं होतं, म्हणून ते आधीच आले होते.

साहेबांनी आत पाहिलं. पंगत बसलेली, वाढपी फिरतायत. त्यांच्यामागे व्यवस्थापक हात पुसत आले आणि काही बोलायच्या आत साहेब बूट काढायला लागले.

“मी खाऊन आलोय,” ते मला म्हणाले, “पण तुम्ही एवढं केलंय तर बसतो. थोडंच वाढा.”

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. साहेब रिकाम्या जागी, गुरुजींच्या शेजारी मांडी घालून बसले. त्यांनी पत्रावळीभोवती पाणी फिरवलं. बाई बादली घेऊन त्यांच्यासमोर आल्या आणि त्यांनी बेताने सात काड्या वाढल्या.

साहेबांनी काड्यांकडे पाहिलं. मग बाईंकडे, मग पूर्ण रांगेकडे. सगळ्यांच्या पानावर काड्याच होत्या आणि सगळे गंभीरपणे बसले होते. पंगतीतून मध्येच उठणं ही साधी गोष्ट नाही. साहेब उठले नाहीत.

“होऊ द्या मंडळी, सावकाश,” बाई म्हणाल्या.

सदतीस जणांनी एकदम काडी उचलली.

जेवायला बसल्यावर पहिल्या वाढीला असते तशी शांतता हॉलमध्ये पसरली. गुरुजींची पहिली काडी मोडली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पण सगळे आपापल्या पानात होते. “काडी आणा इकडं,” त्यांनी हात वर करून सांगितलं, आणि वाढपी धावला. साहेबांचा त्रिकोण आधी झाला. गुरुजींचा चौकोन आधी झाला. दोघांनी एकमेकांचं बघितलं. गुरुजींनी चौकोन चिमटीत दाबला, तो तिरका झाला. त्रिकोण दाबला, तो तसाच राहिला. पुन्हा दाबला. मग त्यांनी मान वर केली. हॉलचं छत पत्र्याचं होतं आणि पत्रा लोखंडी पट्ट्या जोडून केलेल्या कैच्यांवर बसवलेला होता.

“साहेब, वर बघा,” ते म्हणाले. “समद्या कैच्या तिकोनीच हायेत.”

सगळी पंगत वर बघायला लागली. मी एक शब्दही बोलले नव्हते.

पुढचा अर्धा तास वाढप्यांना उसंत मिळाली नाही. कुणी पाच काड्या मागितल्या, कुणी नऊ. चौकोनात आडवी काडी घातली की तो उभा राहतो, हे नवीन शिक्षिकेने शोधलं आणि गुरुजींना दाखवलं. गुरुजींनी तिच्या देखत ते करून पाहिलं.

पहिली पंगत उठली तेव्हा एक गोष्ट झाली जी मी नकाशात धरली नव्हती. आमच्याकडे वाढपी शेवटी बसतात आणि जे जेवून उठले ते त्यांना वाढतात. कुणी न सांगता गुरुजींनी बाईंच्या हातातून बादली घेतली. “बसा आता,” ते म्हणाले. बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग सरळ जाऊन मधल्या जागेवर बसल्या. बाकीचे पाच वाढपीही बसले.

“मॅडम, तुमी बी बसा,” गुरुजी मला म्हणाले. “तुमी काल करून दाखवलं, केलं कुठं?”

मी बाईंच्या शेजारी बसले. घरी मी ते दोन आकार शंभरदा केले होते. आता छत्तीस शिक्षक आणि एक साहेब उभे राहून बघत होते. पहिली काडी नळीत जाईना. मग मोडली.

“लाजू नका,” गुरुजी आणखी एक वाढत म्हणाले. “पंगतीत लाजलेलं माणूस उपाशी उठतं.”

बाईंचा चौकोन झाला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण आपलं नळीचं टोक थुंकी लावून कसं ओलं केलं, ते मला दिसेल असं केलं. मी तसं केलं. काडी गेली.

साहेब बूट घालत होते. मला वाटलं उठून त्यांच्याकडे जावं, पण पान अर्धं होतं, आणि माझ्या डावीउजवीकडे कुणाचंच झालं नव्हतं. ते माझ्यासमोर येऊन वाकले.

“पाचही कार्यशाळा करा,” ते म्हणाले. “पुढची पिंपळगाव रेणुकाईला. आणि मी यायच्या वेळेआधी पंगत मांडू नका, माणूस चुकून जेवायला बसतो.”

“बरं,” मी बसल्या बसल्या म्हणाले, आणि चौथी काडी खोचली.