आदी काय, मंग काय

मी दुसरं रीळ आधी लावलं. डब्यांवरचे आकडे पुसले होते, हे खरं. पण चूक अर्ध्यात कळूनही यंत्र थांबवलं नाही, हेही खरं. लोक हसतील म्हणून.

कामगार खात्याचा मी फिल्मवाला. नसरापूरजवळच्या एका दगडखाणीवर, गोदामाच्या खिडक्यांना गोणपाटं लावून, भर दुपारी ‘तक्रार कशी मांडावी’ हे शिकवत होतो. पहिल्या रिळात कामगार मुकादमाला सांगतो, मुकादम ऐकत नाही, मग तो अर्ज लिहितो. दुसऱ्यात साहेब खुर्चीवरून उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. माझ्या कृपेनं त्या दिवशी साहेब आधीच उठला.

पुढच्याच रांगेत एक बाबा बसले होते. वेल्ह्याकडचे धनगर, रोगानं मेंढरं गेली तेव्हा खडी फोडायला खाली उतरलेले. कुणी काहीही सांगितलं की दोन बोटं वर करून विचारायचे, “आदी काय, मंग काय?” चहा दिला तरी तेच: आदी वतायचा, का आदी फुकायचा? तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. आपण हसतो, आणि तो मात्र सांगितलेलं तस्सं करतो.

त्यांचा डावा डोळा दगडाची कपची उडून गेला होता. उजवा तरी राहावा म्हणून खाणीकडून जाळीचा चष्मा हवा होता.

खेळ संपल्यावर दोन बोटं माझ्यापुढे आली. “म्हंजी आदी सायब, मंग मुकादम?”

“पडद्यावर पाहिलंत ना?” मी म्हणालो. मला रीळ गुंडाळायची घाई.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसच्या दोन पायऱ्या चढून चष्मा मागायला थेट साहेबापुढे उभे राहिले आणि खांद्यावर हात पडायची वाट बघू लागले. साहेबानं मुकादमाला हाक मारली. मुकादमानं त्यांचं नावच कमी केलं. रीत मोडली म्हणून.

हे मला पुढच्या फेरीला कळलं, रांगेतली त्यांची जागा मोकळी दिसली तेव्हा. त्या खेपेला रिळं बरोबर लावली, डब्यांवर ठळक आकडेही घातले. काम फार नेटकं झालं. साहेबाला मात्र काही बोललो नाही. माझीही नोकरी कच्चीच होती.

रविवारी राहवेना. त्यांच्या वाडीपर्यंत डोंगर चढलो. ते दारात बसून चाचपत दोर वळत होते. खाणीवरून काढल्यावर भोरकडे रस्त्याच्या खडीवर गेले, तिथं उजव्यातही कपची गेली, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं.

मी सगळं कबूल केलं. “बाबा, आधी मुकादम, मग साहेब. माझंच उलटं झालं.”

“मुकादमाला दोनदा सांगून झालं व्हतं की,” ते हसून म्हणाले. “तुमी यायच्या आदीच.” मग सवयीनं दोन बोटं वर आली. “आता मंग काय?”

बोटं तशीच वर.

त्यांची बायको शेळी बांधता बांधता माझ्याकडे न बघताच म्हणाली, “येवढा डोंगर चढून आलात. सायबाच्या हापिसाला तर दोनच पायऱ्या हायत.”